जुना रेडिओ वजनावर देऊ नका

आमच्या बचत गटातल्या बायकांनी गेल्या काही महिन्यांत एक वेगळं काम हातात घेतलंय, त्याबद्दल आज बोलायचं आहे. घरातली जुनी वाजवायची यंत्रं, म्हणजे रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर, म्युझिक सिस्टीम, यांची किंमत ठरवून आम्ही ती विकून देतो.

सुरुवात झाली ती एका नुकसानीतून. आमच्या वाडीतल्या एका काकीच्या माळ्यावर लाकडी पेटीचा मोठा रेडिओ होता, सासऱ्यांनी मुंबईहून आणलेला. पावसाळ्याआधी भंगारवाला आला. त्याने खळ्यातच लाकडी पेटी फोडून बाजूला टाकली, कारण लाकडाला वजनाचा भाव नाही. आतला लोखंडी सांगाडा आणि ट्रान्सफॉर्मर तेवढा काट्यावर घातला. काकीला शंभराच्या आतबाहेर पैसे मिळाले. गणपतीत मुंबईचा पुतण्या आला आणि पहिलं विचारलं, "आजोबांचो रेडिओ खंय?" जी पेटी चुलीत गेली, तिच्यासाठीच तर शौकीन माणूस पैसे मोजतो. तेव्हापासून गटातली कोणीही भंगारवाल्याची हाळी ऐकली की शेजारणीला सांगते, "अगो, वजनावर देऊ नको. आधी आमका दाखव."

आता किंमत कशी ठरवायची? पहिली गोष्ट मनातून काढून टाकायची, ती म्हणजे घेतानाची किंमत. "आम्ही हा बारा हजाराला घेतला होता" हे वाक्य आम्ही दर घरात ऐकतो. पण समोरचा गिऱ्हाईक ते बारा हजार देत नाही. तो आज त्या वस्तूचं काय करणार आहे, त्याचे पैसे देतो. वाजवणार असेल तर वाजण्याचे. दिवाणखान्यात शोभेला ठेवणार असेल तर रूपाचे. सुटे भाग काढणार असेल तर भागांचे. आणि यातलं काहीच करणार नसेल तर वजनाचे. कुठल्या वस्तूला यातला कोणता गिऱ्हाईक मिळेल, एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

आमचा अनुभव असा की फार जुन्याला भाव आहे, अगदी नव्याला थोडा आहे आणि मधल्या वयाच्या वस्तूला जवळजवळ नाही. वीसेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली तीन सीडीची म्युझिक सिस्टीम दिसायला मोठी, पण सीडी वाजवतो कोण? तिला मोबाइल जोडायची सोय असेल, मग ती वायरने का असेना, तरच गावात गिऱ्हाईक मिळतं. पाच स्पीकरवाल्या होम थिएटरचंही तेच. उलट भजनी मंडळाला किंवा देवळाला चालणारा ॲम्प्लिफायर दहा वर्षांचा असला तरी लगेच जातो. त्याचे भाग मिळतात, आणि आपल्याकडे गणपतीपासून शिमग्यापर्यंत त्याला काम असतं.

लाकडी पेटीच्या रेडिओकडे मात्र नीट बघायला हवं. मर्फी, फिलिप्स, बुश ही नावं आपल्या घरांतून दिसतात. मर्फीचा कारखाना तर ठाण्याला होता, आपले किती चाकरमानी तिथून जाता-येता बघत असतील. हे रेडिओ काचेच्या वॉल्व्हवर चालतात. त्यांच्यावर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह लागतं, एफएम लागत नाही. म्हणून रोज ऐकण्यासाठी तो कोणी घेत नाही, ठेवण्यासाठी घेतो. मग बघायचं काय? पेटीला वाळवी लागली आहे का. पुढची काच, जिच्यावर सिलोन, दिल्ली, मुंबई अशी ठिकाणांची नावं छापलेली असतात, ती शाबूत आहे का. सगळी बटणं मूळचीच आहेत का. स्पीकरवरचं कापड फाटलंय का. मागचा पुठ्ठा आहे का. काही रेडिओंत स्टेशन लागलं की मिटणारा हिरवा डोळा असतो, तो असेल तर किंमत वाढते. काच फुटली असेल तर खूप उतरते, कारण ती काच पुन्हा मिळत नाही. पेटीवर आपण होऊन नवं पॉलिश किंवा रंग मारू नका. कोरड्या कापडाने पुसा, बस. पूर्वी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, १९८०च्या दशकात तो बंद झाला. ते परवान्याचं पुस्तक कपाटात सापडलं तर रेडिओसोबत ठेवा, शौकिनाला ते हवं असतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ "वाजता काय बघू" म्हणून थेट प्लगमध्ये घालू नका. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही जुन्या रेडिओंच्या लोखंडी सांगाड्यातच करंट उतरलेला असतो. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे मध्ये जुना तारेचा बल्ब जोडलेला. आत बिघाड असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. तपासणी त्याच्याकडूनच करून घ्यायची.

किनाऱ्यावरच्या घरात आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. देवबाग, तारकर्लीच्या घरांतली वस्तू आणि आत कसाल, ओरोसकडची वस्तू वरून सारखी दिसली तरी आतून सारखी नसते. स्क्रूवर हिरवट बुरा किंवा गंज दिसला की आतही तेच धरायचं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किती घरांची कौलं उडाली. तेव्हा भिजलेली वस्तू असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. सांगितलं तर शे-दोनशे कमी मिळतात, लपवलं तर तो माणूस पुन्हा येत नाही, आणि सोबत वाडीचं नावही जातं.

टेपरेकॉर्डरमध्ये रबरी पट्टा असतो. तो वितळून काळा चिकट डांबरासारखा होतो. बटण दाबल्यावर मोटार घरघरते पण कॅसेट फिरत नाही, तर बहुतेक दोष पट्ट्याचाच, आणि ती दुरुस्ती स्वस्त असते. बोटीवर नोकरीला असलेल्यांनी आणलेले मोठे जपानी टू-इन-वन असतील तर एवढी दुरुस्ती करूनच विका. ट्रान्झिस्टरचं झाकण आधी उघडून बघा. आत जुने सेल फुटून पत्रे खाल्ले गेले असतील तर किंमत अर्ध्यावर येते. घरात आजही कुठल्या यंत्रात सेल पडून असतील तर आजच काढा. मोठ्या स्पीकरच्या कडेला फोमची कड असेल तर बोटाने हळूच दाबून बघा, भुसा होऊन पडते.

रेकॉर्डचं वेगळं. जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड ही लाखेची असते. पडली की बशीसारखी फुटते. १९७० च्या आसपास ती मागे पडली आणि प्लॅस्टिकच्या राहिल्या. पावसाळ्यात दोन्हींवर पांढरी बुरशी येते. ती मऊ सुक्या कापडाने काढायची. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावलंत तर ती विरघळेल. आमच्यातल्या एकीने लावलं, म्हणून सांगतो. रेकॉर्ड आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. मूळ कव्हर असेल आणि ओरखडे नसतील तर एकेक मोजून विका, गठ्ठ्याने नको. सिनेमाच्या गाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्ड घराघरांत होत्या, त्यामुळे त्यांना फारसा भाव नाही. कमी छापलेल्या गोष्टींना जास्त असतो.

आता आकडा. हे फक्त समजण्यापुरतं धरा. समजा, तसाच चालू स्थितीतला रेडिओ २५०० रुपयांना जातो. मेकॅनिक म्हणाला, दुरुस्तीला ७०० लागतील. उरले १८००. उघडल्यावर आणखी काही निघेल, ही जोखीम घेणारा घेतो, तिचे ३०० वजा. म्हणजे आपली खरी किंमत १५००. बोलताना १८०० सांगायचे आणि १५०० च्या खाली उतरायचं नाही. आमचा गट विक्रीवर दहा टक्के घेतो, म्हणजे घरधनिणीला १३५० मिळतात. वजनावर शे-दीडशे मिळाले असते. पण तो २५०० चा आकडा आणायचा कुठून? मोबाइलवरच्या जाहिरातीत कोणी आठ हजार लिहिले म्हणून ते मिळाले असं नाही. तो सांगायचा भाव. खरोखर किती मिळाले, हे मेकॅनिकला आणि विकलेल्या माणसाला विचारा, तेही दोघा-तिघांना. मुंबईच्या चोरबाजारात दुकानदार जो भाव सांगतो तो त्याचा विकायचा, आपल्याकडून घ्यायचा नव्हे. आणि घरात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन असेल तर हुरळू नका. जुन्यासारखे दिसणारे नवे जोडून विकले जातात, आधी जाणकाराला दाखवा.

सगळ्यात नाजूक बाब किमतीची नाहीच. आपली घरं सामायिक. चावी आपल्याकडे असते म्हणून माळ्यावरचा रेडिओ आपला होत नाही. आम्ही आता मुंबईच्या दिरांना, नणंदांना फोटो पाठवून मोबाइलवर लेखी होकार आल्याशिवाय वस्तूला हात लावत नाही. दोनदा असं झालं की फोटो बघून "विकू नका, आम्हीच नेतो" असं उत्तर आलं. गटाला दहा टक्के मिळाले नाहीत, पण भांडण टळलं.

विक्री मे महिन्यात किंवा गणपतीत करा, चाकरमानी गावात असतात. पावसात कोणी काही बघायला येत नाही. विकताना साध्या कागदावर वस्तू, दोष, रक्कम, तारीख आणि "आहे त्या स्थितीत दिली" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. जे काहीच विकलं जात नाही ते ई-कचऱ्यासाठी वेगळं ठेवा. तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर आधी आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

काकीचं म्हणाल, तर पेटीचं एक बटण परवा केर काढताना तिला खळ्याच्या कडेला सापडलं. तपकिरी, मधे पितळी ठिपका असलेलं. आम्ही गमतीने किंमत विचारली. तिने ते देवघरातल्या डब्यात ठेवून दिलंय.