दोष म्हणायचं की नाही?

‘संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, तर ती दुरुस्त करायची. त्यात भांडण्यासारखं काय आहे?’ असं माझ्या सासूबाईंनी मला एकदा विचारलं होतं. तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टर होते. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून पाहायचे आणि त्यातले दोष, म्हणजे ‘बग’, नोंदवायचे हे माझं काम. त्या दिवशी मी भांडूनच घरी आले होते.

झालं होतं असं. एका पतसंस्थेसाठी प्रोग्रॅम तयार होत होता. खातेदाराचा हप्ता जमा करताना कधीकधी स्क्रीन गोठायची. रोखपालाने पुन्हा बटण दाबलं, की तोच हप्ता दोनदा जमा व्हायचा. मी ‘हप्त्यात भयंकर चूक’ अशी नोंद केली. प्रोग्रॅम लिहिणारा सहकारी म्हणाला, ‘‘हा बगच नाही. बटण एकदाच दाबायचं असतं. माझ्या मशीनवर नीट चालतं.’’ त्याने नोंद बंद केली, मी पुन्हा उघडली. दिवसभर हेच.

अशा वादांत बहुधा दोन गोष्टींची गल्लत होते. एक गांभीर्य आणि दुसरी निकड. मुखपृष्ठावर पतसंस्थेचं नाव चुकीचं उमटलं, तर हिशेबाला धक्का लागत नाही. गांभीर्य कमी, पण ते आजच्या आज सुधारायला हवं, म्हणून निकड मोठी. उलट, मार्चअखेरचा ताळेबंद काढताना प्रोग्रॅम बंद पडतो हे जूनमध्ये कळलं, तर दोष गंभीर, पण दुरुस्तीला सवड आहे. गांभीर्य टेस्टरने सांगावं आणि निकड व्यवस्थापकाने ग्राहकाशी बोलून ठरवावी. एवढं पाळलं तरी बरीच भांडणं मिटतात.

उरतात ती मिटत नाहीत, कारण शब्दामागे पैसा आणि प्रतिष्ठा असते. ‘दोष’ म्हटलं, की दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. ‘नवी मागणी’ म्हटलं, की ग्राहकाचा. त्यात दोषांची संख्या वार्षिक मूल्यमापनात मोजली, तर टेस्टरला ते जास्त हवे असतात आणि लिहिणाऱ्याला कमी.

या ओढाताणीत जो खोलीत नसतो, त्याचं काय होतं? ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबव्यवस्था आली. तिच्यात तूट दिसली, की शाखाचालकाने ती भरायची. प्रोग्रॅम विश्वासार्ह आहे, असं खातं सांगत राहिलं. ९००हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०१३मध्ये खात्याच्या मुख्याधिकारी ‘बग’ऐवजी एखादा सौम्य शब्द शोधत होत्या, हे पुढे चौकशीत उघड झालं. २०१५मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावी स्क्रीन गोठली, बटण पुन्हापुन्हा दाबलं गेलं आणि ८,००० पौंडांची नोंद ३२,००० झाली. व्यवस्थेत दोष होते, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये मान्य केलं. २०२४मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

डॅलमेलिंग्टनची हकिकत वाचली, तेव्हा मला आमचा रोखपाल आठवला. हप्ता दोनदा जमा दिसला, तरी रोकड एकाच हप्त्याची. संध्याकाळचा फरक त्याच्याच खिशातून गेला असता.

मग दोष नोंदवावा कसा? ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. ‘बग’ हा शब्द अभियंत्यांत त्याआधीही रूढ होता. पण ती नोंद पाहण्यासारखी आहे. वेळ लिहिली, कितव्या रिलेमध्ये सापडला ते लिहिलं आणि पतंगच वहीत चिकटवून ठेवला. कुणावर ठपका नाही, विशेषण नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझी नोंद खोडली. नव्याने लिहिलं : मंद मशीन घ्या, हप्ता भरा, स्क्रीन गोठल्यावर पुन्हा बटण दाबा, एक हप्ता जमा व्हायला हवा, दोन होतात. मग सहकाऱ्याला तसल्याच मशीनपुढे बसवलं. स्क्रीन गोठली. तो क्षणभर थांबला आणि त्याने सवयीने पुन्हा बटण दाबलं.

‘गंभीर’ हा शेरा त्या नोंदीवर त्यानेच लिहिला.