बॅकलिंक

बॅकलिंक म्हणजे एखाद्या संकेतस्थळाकडे अथवा त्यातील विशिष्ट पानाकडे अन्य संकेतस्थळावरून येणारा दुवा. त्यास ‘आवक दुवा’ असेही म्हणता येईल. संगणक व्यवसायात मात्र इंग्रजी शब्दच रूढ आहे. आपण इतरांना दिलेले दुवे आपल्या पानातच असतात, म्हणून ते मोजणे सोपे असते. आपल्याला कोणी दुवा दिला आहे, हे मात्र स्वतःच्या संकेतस्थळात कोठेही लिहिलेले नसते. ते शोधून काढावे लागते.

== एकतर्फी दुवा ==

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. तीत दुवा एकाच दिशेने जातो. दुवा देणाऱ्यास समोरच्याची परवानगी लागत नाही व समोरच्यास सूचनाही जात नाही. टेड नेल्सन यांच्या ‘झनाडू’ प्रकल्पात दुवे दोन्ही बाजूंनी दिसावेत अशी योजना होती. तशी व्यवस्था जगभर चालवायची तर प्रत्येक दुव्याची नोंद दोन ठिकाणी ठेवणे व ती अद्ययावत राखणे भाग पडले असते. वेब वेगाने पसरले ते ही अट नसल्यामुळे. तुटलेले दुवे आणि अज्ञात बॅकलिंक ही त्याची किंमत होय.

विद्वत्तेच्या क्षेत्रात हाच प्रश्न आधी येऊन गेला होता. शोधनिबंधाच्या शेवटी जुन्या निबंधांचे उल्लेख असतात, पण जुन्या निबंधाला पुढे कोणी उद्धृत केले हे त्यात कळत नाही. यूजीन गारफिल्ड यांची १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली विज्ञान उद्धरण सूची त्यासाठीच होती.

== सर्व्हरवरील नोंदी ==

सर्वांत जवळचा पुरावा स्वतःच्या सर्व्हरवर असतो. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली की त्याचा ब्राउझर, आपण कोणत्या पानावरून आलो, हे नव्या सर्व्हरला कळवतो. या माहितीस ‘रेफरर’ म्हणतात. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एक ‘आर’ गळला आणि ते चुकीचे रूपच प्रमाण ठरले. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, वेळ, मागितलेले पान व उत्तराचा संकेतांक यांच्याबरोबर हा रेफरर साठवता येतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ज्या दुव्यावर कोणी टिचकीच मारली नाही तो लॉगमध्ये येत नाही. व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून आलेल्या वाचकाबरोबर बहुधा रेफरर येत नाही. क्रोम ब्राउझरने २०२० मध्ये नियम कडक केल्यापासून दुसऱ्या संकेतस्थळास साधारणतः पूर्ण पत्त्याऐवजी केवळ मुख्य नाव कळते. पान कोणते, हे स्वतः जाऊन शोधावे लागते. शिवाय जाहिरातीसाठी खोटे रेफरर पाठवणारे स्वयंचलित प्रोग्रामही असतात, त्यामुळे प्रत्येक नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही.

तरीही एक नोंद विशेष मोलाची असते. अस्तित्वात नसलेले पान मागितले गेले की लॉगमध्ये ४०४ हा संकेतांक उमटतो. त्यापुढे रेफरर असल्यास आपल्याकडे येणारा कोणता दुवा तुटला आहे आणि तो कोणाच्या संकेतस्थळावर आहे, या दोन्ही गोष्टींचा माग लागतो.

== शोधयंत्रे ==

शोधयंत्र असंख्य पाने वाचून ठेवते, म्हणून त्याला दुवे उलट दिशेने लावता येतात. डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टावर ‘लिंक’ हा शब्द, विसर्गचिन्ह व पत्ता टंकल्यास बॅकलिंकांची यादी मिळत असे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज यांच्या प्रकल्पाचे १९९६ मधील नावच ‘बॅकरब’ होते. कोणत्या पानाला कोण दुवा देते यावरून त्या पानाचे वजन ठरवावे, या विचारातून पेजरँक व १९९८ मध्ये गूगल उभे राहिले.

वजन ठरू लागल्यावर दुव्यांचा बाजारही सुरू झाला. त्याला आवर घालण्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ हे चिन्ह आले व एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल केला. गूगलची ‘लिंक’ आज्ञा मुळातच अपुरी यादी देत असे. २०१७ मध्ये तीही सोडून देण्यात आली. याहूचे साइट एक्सप्लोरर नोव्हेंबर २०११ मध्येच बंद झाले होते.

आज संकेतस्थळाचा मालक गूगल सर्च कन्सोल किंवा बिंग वेबमास्टर टूल्स यांत नोंदणी करतो. सर्व्हरवर एक फाइल ठेवून किंवा डोमेनच्या डीएनएस नोंदीत सांकेतिक ओळ घालून मालकी सिद्ध केली की सर्वाधिक दुवे देणारी संकेतस्थळे, दुवे मिळालेली पाने आणि दुव्यात वापरलेले शब्द पाहता येतात. ही यादीही संपूर्ण नसते. दुसऱ्याच्या संकेतस्थळाचे बॅकलिंक पाहण्यासाठी एहरेफ्स, मॅजेस्टिक अशा सेवा वापरल्या जातात. त्यांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकीने वाचलेली पाने निराळी असतात. संकेतस्थळाचे नाव अवतरणचिन्हांत घालून साधा शोध घेतल्यास दुवा नसलेले उल्लेखही सापडतात.

== नवी मुंबईचे उदाहरण ==

१ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेचे संकेतस्थळ पूर्वी ‘एनएमएमसीऑनलाइन डॉट कॉम’ या पत्त्यावर होते. पुढे ते ‘एनएमएमसी डॉट गव्ह डॉट इन’ येथे आले. अशा स्थलांतराच्या वेळी बॅकलिंकांची यादी हाताशी असणे अत्यावश्यक ठरते. शाळा, गृहनिर्माण संस्था, वृत्तपत्रे व ज्ञानकोश यांनी पूर्वी दिलेले दुवे आपोआप बदलत नाहीत. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ या संकेतांकाने कायमचे वळण देता येते, परंतु जुना पत्ता ताब्यात असेपर्यंतच. ‘गव्ह डॉट इन’ हे नाव केवळ शासकीय संस्थांना मिळते. ‘डॉट कॉम’ नावाचे नूतनीकरण झाले नाही तर ते कोणीही विकत घेऊ शकतो. मालमत्ता कर भरण्यासाठी जुन्या दुव्यावरून निघालेला नागरिक मग परक्याच्या पानावर पोहोचू शकतो.

बनावट पाने ओळखण्यासही लॉगचा उपयोग होतो. नक्कल करणारा पुष्कळदा बोधचिन्ह मूळ सर्व्हरवरूनच दाखवतो, आणि त्या चित्राच्या मागणीबरोबर नकली पानाचे नाव रेफरर म्हणून येते. सोडतीचे अर्ज किंवा कर ऑनलाइन स्वीकारणाऱ्या संस्थांना ही तपासणी उपयोगी आहे.

भारतातील अनेक शासकीय संकेतस्थळांवर दुव्यांविषयीचे धोरण दिलेले असते. आमच्याकडे दुवा देण्यास पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र दिल्यास कळवावे, अशा आशयाचा मजकूर त्यात आढळतो. वेबच्या रचनेत नसलेली सूचना पत्राने मागवण्याचाच हा प्रकार आहे. यांत्रिक उपायही झाले: २००२ मधील ट्रॅकबॅक व पिंगबॅक, आणि जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने शिफारस केलेले वेबमेन्शन. दोन्ही बाजूंनी ते स्वीकारले असेल तरच चालतात.

== देवनागरी पत्ते ==

देवनागरी पत्ता यंत्रापुढे वेगळ्या रूपात येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते व प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे ‘नवी मुंबई’ या शीर्षकातील ८ चिन्हांची लॉगमध्ये ७२ अक्षरे होतात. ती उलगडल्याशिवाय शोध फसतो. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या ‘डॉट भारत’ नावांचेही प्युनीकोड हे रोमन रूप निराळे शोधावे लागते.

मराठीची आणखी एक अडचण आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन पत्ते असतात आणि त्यांचे बॅकलिंकही स्वतंत्र मोजले जातात.

== विकिपीडियावरील सोय ==

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखासाठी ‘येथे काय जोडले आहे’ ही सोय आहे. सर्व लेख एकाच डेटाबेसमध्ये असल्याने ही यादी अंतर्गत दुव्यांपुरती जवळजवळ पूर्ण असते. बाह्य दुव्यांसाठी वेगळे विशेष पान असून त्यात एखाद्या संकेतस्थळाचे नाव दिल्यास त्याकडे दुवा देणारे लेख कळतात. पत्ता बदललेल्या संस्थांचे जुने दुवे दुरुस्त करताना संपादक तेच वापरतात.