संशयास्पद मृत्यू आणि कुटुंबियांचा दिवाणी दावा : परळी वैजनाथ येथील एका घटनेच्या अनुषंगाने

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे स्थान म्हणून परळी वैजनाथ हे गाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. मे 2012 मध्ये मात्र या गावाचे नाव निराळ्याच कारणाने देशभर गेले. येथील एका खासगी रुग्णालयात अवैध गर्भपात करीत असता एका विवाहित स्त्रीचा मृत्यू झाला. तिला अगोदर मुलीच होत्या. रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टर दाम्पत्यावर खटला भरण्यात आला, आणि मृत स्त्रीच्या पतीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्यास दोषी ठरवून दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे अवघ्या 807 मुली आढळल्या होत्या, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ही घटना एकाकी नव्हती हे सहज उमगते.

या घटनेची फौजदारी बाजू वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. तिची दिवाणी बाजू मात्र उपेक्षितच राहिली. अपराध्यास शिक्षा झाली म्हणजे राज्यसंस्थेचे समाधान होते. परंतु ज्यांची आई गेली त्या मुलींचे काय? मृत्यूस कारण झालेल्या माणसाकडून भरपाई मागण्याचा हक्क त्यांना कायद्याने आहे काय, असल्यास तो कोणी, केव्हा व कोणत्या न्यायालयात बजवावयाचा, या प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सरळ नाहीत.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात माणसाचा मृत्यू ही भरपाईयोग्य हानीच मानली जात नसे. 1808 मध्ये बेकर विरुद्ध बोल्टन या दाव्यात न्यायमूर्ती एलनबरो यांनी हाच नियम सांगितला. घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेल्या पतीला तिच्या मृत्यूपर्यंतच्या काळापुरतीच भरपाई मिळू शकली, पुढच्या आयुष्यभराच्या हानीची नाही. परिणाम असा की, एखाद्यास जखमी करणे महाग पडे आणि ठार करणे स्वस्त! रेल्वेचे युग सुरू झाल्यावर ही विसंगती असह्य झाली व 1846 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने नवा कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात 1855 चा तेरावा कायदा, म्हणजे प्राणांतिक अपघात कायदा, अस्तित्वात आला. परळी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तेथे तो लागू नव्हता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1951 मध्ये केंद्रीय कायद्यांचा विस्तार करण्यात आला, तेव्हा तो या भागात पोहोचला.

कायदा चार-पाच कलमांचाच आहे, पण त्याचा प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो. मृत व्यक्ती जगली असती तर ज्या कृत्याबद्दल तिला स्वतः दावा लावता आला असता, अशा कृत्यामुळे, हयगयीमुळे वा कसुरीमुळे मृत्यू घडला असेल तर कृत्य करणाऱ्यावर दावा चालतो. आणि ते कृत्य गुन्हा असले तरी दाव्यास बाध येत नाही. संशयास्पद मृत्यूच्या दृष्टीने हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. ‘पोलिसांत प्रकरण आहे, आता दिवाणीत काही करता येत नाही’ ही जी समजूत खेड्यापाड्यांतून आढळते, तिला कायद्यात आधार नाही. भरपाई पती, पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी असते. आईबापांत आजी-आजोबा आणि मुलांत नातवंडे व सावत्र मुले यांचा समावेश होतो. भाऊ-बहिणींचा होत नाही. एकत्र कुटुंबात भावाच्या कमाईवर जगणारी विधवा बहीण ही आपल्याकडे नित्याची बाब असूनही कायदा अजून तिला ओळखत नाही, हे इंग्लंडच्या समाजाचे माप आपल्या अंगाला लावल्याचे फळ होय. दावा मृताच्या प्रतिनिधीने आणावयाचा आणि एका मृत्यूबद्दल एकच दावा करावयाचा. मग न्यायालय मिळालेली रक्कम हिस्सेवार वाटून देते.

परळीसारख्या प्रकरणात अडचण येथेच उभी राहते. कायद्याने लाभार्थी ठरविलेला पती हाच आरोपी असेल तर? आपल्या अपकृत्याचा लाभ कोणास घेता येत नाही हे तत्त्व सर्वमान्य आहे. तेव्हा दोष शाबीत झाल्यास त्याचा हिस्सा शून्य धरावा लागेल. पण त्यामुळे मुलींचा हक्क बुडत नाही, कारण कायद्याने प्रत्येकाची हानी स्वतंत्र मानली आहे. इंग्लंडमध्ये 1978 च्या डॉड्स विरुद्ध डॉड्स या दाव्यात पत्नीच्या निष्काळजीपणाने पती मृत्यू पावला असता त्यांच्या मुलाचा दावा मान्य झाला, तो याच न्यायाने. खरी अडचण व्यवहारातील आहे. अज्ञान मुलींच्या वतीने दावा कोणी आणावा? एरवी बाप पालक. येथे बापच प्रतिवादी. आजोळच्या माणसांनी वादमित्र म्हणून पुढे यावे लागते, आणि सोयरिकीच्या बंधनांत गुंतलेल्या गावगाड्यात ते किती कठीण आहे हे सांगावयास नको.

दुसरी अडचण मुदतीची. 1908 च्या मुदत कायद्यात या दाव्यास केवळ एक वर्षाची मुदत होती. 1963 च्या कायद्याच्या 82 व्या अनुच्छेदाने ती दोन वर्षांची केली. ही मुदत मृत्यूच्या तारखेपासून चालू होते, गुन्हा शाबीत झाल्यापासून नव्हे. परळीच्या मृत्यूस हे गणित लावले तर मे 2014 मध्येच मुदत सरते, आणि फौजदारी निकाल तर त्यानंतर पावणेपाच वर्षांनी लागला. ‘आधी निकाल लागू द्या, मग पाहू’ असे म्हणणारे कुटुंब हक्क गमावून बसते. अज्ञानांना कलम 6 अन्वये सज्ञान झाल्यावर दावा लावण्याची सवलत आहे खरी. पण दावा प्रतिनिधीने आणावयाचा असल्याने ती येथे कितपत लागू पडेल यावर वाद घालण्यास प्रतिपक्षाला वाव राहतो. म्हणून मुदतीत दावा दाखल करणे हाच सुरक्षित मार्ग. दोन्ही प्रकरणे एकदम चालल्यास काय करावे, याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये एम. एस. शेरिफ यांच्या प्रकरणात केले आहे : सामान्यतः फौजदारीस अग्रक्रम द्यावा, मात्र त्यास ठाम नियम समजू नये. दिवाणी दावा दाखल करून तहकूब ठेवता येतो. दाखलच न केलेला दावा मात्र कोणालाही जिवंत करता येत नाही.

पुराव्याचा भारही दोहोंकडे सारखा नसतो. फौजदारीत दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत संभाव्यतेचे पारडे एका बाजूस झुकले की पुरे. आरोपी निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही, आणि त्याला शिक्षा झाली म्हणून तो आपोआप जिंकलाही जात नाही. याचे उत्तम उदाहरण पुण्यातील आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास मोटारीने पुण्यास आणून एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात ठेवले आणि त्याच दिवशी रात्री तो मरण पावला. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण रक्तवाहिनीत चरबीचा अडथळा असे लिहिले. मुलाचा बाप स्वतः वैद्यकीय व्यवसायातील होता. त्यास हे पटेना. भूल न देता, जोर लावून हाड बसविल्याने धक्का बसून मुलगा गेला असे त्याचे म्हणणे. फौजदारी शिक्षेचा आधार नसतानाही खालचे न्यायालय, उच्च न्यायालय आणि शेवटी मे 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालय यांनी बापाचेच म्हणणे मान्य केले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा निर्णय वैद्यकीय हयगयीच्या कायद्यात आजही आधारभूत मानला जातो. पदरात पडलेली भरपाई तीन हजार रुपये, आणि तीही पंधरा वर्षांनी!

भरपाईची रक्कम ठरविताना न्यायालये आर्थिक हानी मोजतात. गोबाल्ड मोटर सर्व्हिसच्या 1962 च्या निर्णयात अवलंबितांची हानी व मृताच्या मिळकतीची हानी हे दोन वेगळे हिशेब कसे मांडावेत हे स्पष्ट झाले. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब दीर्घकाळ शून्यावर येऊन थांबत असे, जणू रांधणे, पाणी भरणे, मुले वाढविणे याला मोलच नाही. जमशेदपूर येथील 1989 च्या अग्निकांडाच्या प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचे मोल दरमहा तीन हजार रुपये धरले, तेव्हापासून दृष्टी पालटली.

दिवाणी दाव्याखेरीज दोन वाटा आहेत. 1995 च्या शांता प्रकरणातील निर्णयानुसार मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तेथेही मुदत दोन वर्षांचीच, पण सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होतो. मात्र सेवाच बेकायदेशीर असेल तर प्रतिपक्ष त्यावरही हरकत घेणार. दुसरी वाट फौजदारी न्यायालयातच आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 प्रमाणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल शिक्षा देताना वसूल दंडातून प्राणांतिक अपघात कायद्याखालील हक्कदारांस भरपाई देववता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 मध्ये हीच तरतूद आली आहे. दोन्ही संहितांच्या मधल्या काळात, 2009 च्या अखेरीस, राज्याच्या निधीतून पीडितांस साहाय्य देण्याची योजनाही कायद्यात आली. या मार्गाने मिळालेली रक्कम पुढे दिवाणी न्यायालय हिशेबात धरते, पण हक्क संपला असे मानीत नाही. निकालाच्या दिवशी मृताच्या मुलांची नावे न्यायाधीशांसमोर मांडणारा कोणी वकील उभा असेल, तरच हे कलम कामी येते.