आकडा, एकक आणि उगम: पोस्टग्रेसच्या मेमरीचा मागोवा

२००६ पूर्वी पोस्टग्रेस या डेटाबेसला ‘शेअर्ड बफर्स’ (सामायिक मेमरी) किती, असं विचारलं की नुसतं ‘१०००’ असं उत्तर यायचं. ही हजार पानं, प्रत्येक ८ केबीचं. शेजारचं ‘वर्क मेम’ १०२४ दाखवायचं, पण ते केबी असायचे. मोजमापं वेगळी, आणि पडद्यावर त्याची खूण नाही.

डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीने हे बदललं. ‘शो’ आज्ञा एमबीत बोलू लागली आणि ‘पीजी सेटिंग्ज’ तक्त्यात एककाचा रकाना आला. त्या तक्त्यात शेअर्ड बफर्सपुढे आजही १६३८४ दिसतं आणि बाजूला ८ केबी. गुणाकार केला की १२८ एमबी. ‘शो’ हेच थेट सांगते. २००९ च्या ८.४ ने पुढचा प्रश्न सोडवला: हे मूल्य कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आलं? मग ९.५ ने बदल रीस्टार्टसाठी अडला आहे का, तेही दाखवलं. मेमरीचा कारभार सांभाळणाऱ्यांसाठी मला हे टप्पे वेगाच्या सुधारणांइतकेच मोलाचे वाटतात.

तरीही दिसणारा प्रत्येक आकडा म्हणजे अडवलेली मेमरी नव्हे. ‘इफेक्टिव्ह कॅश साइझ’ ४ जीबी दाखवतं, पण एक बाइटही घेत नाही. क्वेरीचा मार्ग ठरवताना धरलेला तो अंदाज आहे. ‘वर्क मेम’चे ४ एमबी तर एका सॉर्टपुरते. इगतपुरीकरांना हे लगेच पटेल. १:३७ चा थळ घाट चढायला कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरी स्टेशनात निघतात. एका गाडीला किती बँकर, एवढ्यावरून घाटात एकूण किती इंजिनं हवीत ते ठरत नाही. गाड्या किती, ते बघावं लागतं. तसंच इथे: शंभर जोडण्या, प्रत्येकीत दोन सॉर्ट, की ८०० एमबी.

२०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून सर्व्हर सामायिक मेमरीची एकूण बेरीजही स्वतः सांगतो. पण वर्क मेमची बेरीज आजही माणसालाच करावी लागते, कारण एका वेळी किती जण किती जड क्वेऱ्या चालवतील, हे सेटिंगच्या फाइलला ठाऊक नसतं. म्हणून नवख्यांना मी आग्रहाने सांगतो: आकडा बदलण्याआधी त्याचं एकक पाहा, तो कुठून आला ते पाहा, आणि तो किती वेळा खर्च होणार ते मोजा.