रमजानच्या महिन्यांतील मुलांची चित्रकला
(नभोवाणी-भाषण)



रमजानच्या महिन्यांत सूर्य मावळण्यापूर्वींचा एक तास घरांतील सर्वांनाच जड जातो. पण सर्वांत जड जातो तो ज्याला रोजा नाहीं त्याला. आई स्वयंपाकघरांत गुंतलेली असते, वडील थकून आलेले असतात, थोरल्या भावंडांचे डोळे घड्याळाकडे लागलेले असतात, आणि सात-आठ वर्षांचा धाकटा मुलगा मात्र प्रत्येकाच्या पायांत येत असतो. वयांत येण्यापूर्वीं मुलांवर रोजा बंधनकारक नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुलाला ती सवलत वाटत नाहीं; आपणांस वगळलें असें त्याला वाटतें. ‘मीही रोजा धरणार’ हा त्याचा हट्ट उपवासाच्या आवडीनें नसतो. घरांतील सर्वजण ज्यांत सामील आहेत त्यांत त्याला आपला वांटा हवा असतो. हा वांटा त्याला पेन्सिल आणि कागद देऊनही देतां येतो, तो कसा, तें आज सांगावयाचें आहे.

पहिला उद्योग चंद्राच्या रोजनिशीचा. एका मोठ्या कागदावर तीस चौकोन आंखून द्यावे आणि चंद्रदर्शनाच्या संध्याकाळीं मुलाला गच्चीवर न्यावें. सूर्यास्तानंतर पश्चिमेस जी कोर दिसेल, ती जशी दिसेल तशीच त्यानें पहिल्या चौकोनांत काढावी. ईदच्या भेटकार्डांवर कोर उभी असते आणि तिच्या पोटांत तारा असतो. मुंबईच्या किंवा कोंकणच्या आकाशांत पाहिलें तर ती बहुधा कललेली, कित्येकदां होडीसारखी आडवी दिसते. आणि तिच्या पोटांत तारा दिसणें शक्यच नाहीं, कारण तेथें चंद्राचाच काळोखा भाग असतो. हें मुलानें स्वतः ताडलें, म्हणजे तो पाहावयास शिकला.

पौर्णिमेपर्यंत हें काम इफ्तारच्या सुमारास होतें. त्यानंतर मात्र त्या वेळीं आकाश रिकामें सांपडतें, आणि ‘चंद्र कोठें गेला?’ असें मूल विचारतें. या प्रश्नाचें उत्तर सहरीच्या वेळीं द्यावें. पहांटे उठलेल्या मंडळींबरोबर दोन-चार वेळां त्यालाही उठवावें. पौर्णिमेनंतर लगेच चंद्र पश्चिमेकडे उतरलेला असतो, आठवड्यानें तो डोक्यावर येतो, आणि पुढें बारीक होत होत पूर्वेकडे सरकतो. कोरीची पाठही आतां उलट्या बाजूस असते. सहरीला उठण्याचा मान मिळाल्यामुळें मुलाचा अर्धा हट्ट तेथेंच निवतो. आभाळ भरलें असेल त्या दिवशीं चौकोनांत ढग काढावा. न पाहिलेला चंद्र काढूं नये.

थोरल्या मुलांना यांतून गणितही सुचेल. चंद्राचा महिना सुमारें साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून रमजान कधीं एकोणतीस दिवसांचा तर कधीं तीस दिवसांचा. असे बारा महिने मिळून सुमारें ३५४ दिवस होतात. हिंदु पंचांगही चंद्रावरच चालतें, पण त्यांत अधिक मास घालून ऋतूंशीं मेळ ठेवतात. म्हणून दिवाळी आपला ऋतु सोडीत नाहीं. हिजरी वर्षांत अशी भर नसल्यानें रमजान दर वर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. इ. स. २०३० मध्यें तर तो जानेवारींत एकदां आणि डिसेंबरांत पुन्हां सुरू होईल.

दुसरा उद्योग कर्कटक आणि पट्टीचा. एक वर्तुळ काढावें. कर्कटकाचें अंतर न बदलतां त्याचें टोंक परिघावर ठेवून खुणा करीत जावें. सहाव्या खुणेला आपण बरोबर आरंभीच्या जागीं येतों. प्रत्येक खुणेवरून वर्तुळाच्या आंत कंस काढला कीं सहा पाकळ्यांचें फूल उमलतें. एकाआड एक खुणा जोडल्या तर सहा टोंकांचा तारा होतो. दोन सारखे चौरस एकाच मध्यावर, एक सरळ व एक तिरपा, असे काढले तर आठ टोंकांचा तारा मिळतो. असे तारे शेजारीं शेजारीं मांडले कीं जाळी तयार होते.

ही करमणूक पोरकट नव्हे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील बीबी-का-मकबऱ्यांत कबरीभोंवतीं संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. अहमदाबादेस १५७२-७३ सालच्या सिदी सय्यद मशिदीच्या खिडक्यांत एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचा वृक्ष दगडांत कोरला आहे. सजीवांचीं चित्रें काढावीं कीं नाहींत याविषयीं घरोघरीं मतें निराळीं असतात, आणि घरची रीत मुलानें पाळावी हेंच बरें. पण मशिदींतून प्राणी वर्ज्य झाले म्हणून कारागिराचा हात थांबला नाहीं. तो वेल, अक्षर आणि भूमिति यांकडे वळला. मुलाला हें दाखविलें म्हणजे त्याला मनाई आठवत नाहीं, मोकळें अंगण दिसतें.

आतां वडील माणसांस दोन विनंत्या. बाजारांतील छापील आकृति रंगविण्यास देऊं नका. त्यांत मुलाचा वेळ जातो, नजर तयार होत नाहीं. आणि त्याची वांकडी रेघ आपल्या हातानें सरळ करूं नका. उपाशी पोटीं रागावणें सोपें असतें. पण त्या रेघेंत त्याचा रोजा आहे असें समजा.

शेवटच्या आठवड्यांत याच ताऱ्यांचीं व फुलांचीं भेटकार्डें आणि ईदीचीं पाकिटें करावीं. शेजारचीं हिंदु वा ख्रिस्ती मुलें या कामांत आलीं तर त्यांनाही कर्कटक द्यावें. ईदच्या सकाळीं तीस चौकोनांचा तो कागद बैठकीच्या भिंतीवर लावावा. गळाभेटीस आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढें थांबेल, आणि ‘हा ढग कशाचा?’ असें विचारील. तेव्हां घरांतील सर्वांत धाकटा पुढें येऊन सांगेल कीं, त्या दिवशीं चंद्र दिसला नव्हता.