हृदयाभोंवतींचें पाणी आणि वेळेवरची सुई



आपलें हृदय एका दुपदरी पिशवींत बसविलेलें असतें, आणि त्या दोन पदरांमध्यें वंगणासारखें १५ ते ५० मिलिलिटर पाणी असतें. क्षय, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार अशा कारणांनीं हें पाणी वाढतें. छातीवर आघात झाला तर तेथें रक्तही सांचतें.

येथें मापाइतकेंच महत्त्व वेगाला आहे. पिशवीचा बाहेरचा पदर मोठा चिवट. कातड्याच्या नव्या जोड्याप्रमाणें तो सावकाश सैल होतो, एकदम ताणला जात नाहीं. आठवडेच्या आठवडे सांचत गेलेलें लिटरभर पाणीही तो सामावून घेतो. पण थोडक्या वेळांत २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त उतरलें, तर हृदय दडपलें जातें. मग तें आकुंचन पावतें, पण पुरतें पसरत नाहीं. आणि जें भरतच नाहीं, तें शरीराला रक्त कोठून पुरविणार?

अमेरिकन शल्यवैद्य क्लॉड बेक यांनीं १९३५ सालीं याच्या तीन खुणा सांगितल्या: रक्तदाब उतरणें, मानेच्या शिरा फुगणें आणि हृदयाचे ठोके अस्पष्ट ऐकूं येणें. तिन्ही एकदम दिसतीलच असें नाहीं. म्हणून आतां ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र पाहून निदान पक्कें करितात.

खरा उपाय एकच, तें पाणी काढणें. छातीच्या मधल्या हाडाखालून किंवा बरगड्यांमधून लांब सुई पिशवींत घालतात. व्हिएन्नाचे फ्रान्झ शुह यांनीं १८४० सालीं असा वेध केला, तेव्हां सारें अंदाजानेंच करावें लागे. आज चित्रांत पाहत सुई नेतां येते. नवल असें कीं, ताण अगदीं शिगेला पोंचलेला असल्यामुळें पहिलें थोडें पाणी निघतांच रक्तदाब सावरूं लागतो. जखमेमुळें रक्त सांचलें असेल, तर मात्र बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

घरच्या माणसांनीं काय करावें? एकाएकीं धाप लागली, घाम फुटला, भोंवळ आली, तर लघवी वाढविणारी गोळी आपल्या मनानें देऊं नये. हृदयाकडे येणारें रक्त त्यानें आणखीच घटतें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. आणि रुग्णालयांत ‘हृदयापाशीं सुई’ हे शब्द ऐकून, थोरल्या भावाला येऊं द्या, मग ठरवूं, असें म्हणत संमति लांबवूं नये. सुईंत धोका आहे खरा. पण वाट पाहण्यांत तो कितीतरी अधिक आहे.