रथाच्या वाटेवरचं तासगाव

तासगावातल्या कुणाही सत्तरीपुढच्या माणसाला विचारा, "तात्या, तुमच्या लहानपणी गाव कसं होतं?" उत्तर दोन वाक्यांत संपतं. "काय सांगायचं, बारकं होतं. आता लई वाढलं." आता तोच प्रश्न जरा बदला. "तात्या, गणपतीच्या देवळातनं बाहेर पडलं की पहिलं काय लागायचं?" मग गंमत बघा. मान किंचित वळते, नजर लांब कुठंतरी लागते, हात उठतो आणि डावी-उजवी बाजू दाखवू लागतो. या हाताला पानाचं दुकान, त्याला लागून कल्हईवाला, त्याच्या नवसागराचा नाकात जाणारा धूर, पलीकडं चहाचं हॉटेल, हॉटेलातल्या बाकाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा. ते हॉटेल जाऊन पन्नास वर्षं झालेली असतात. फरशीचा तुकडा मात्र जागच्या जागी असतो.

पहिल्या प्रश्नाला हे का आलं नाही? मला हे कोडं फार मोलाचं वाटतं, कारण त्याचं उत्तर आपल्या मेंदूच्या रचनेतच आहे.

1971 साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत एक विलक्षण गोष्ट सापडली. (गणपतीच्या गावाला उंदरांचं हे श्रेय नक्की आवडेल.) हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी होत्या, की उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला की त्यातली एक ठरावीक पेशी जागी व्हायची. दुसऱ्या जागी गेला की दुसरी. म्हणजे प्रत्येक जागेचा जणू एक पहारेकरी. पुढं 2005 मध्ये नॉर्वेत माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात अंतर आणि दिशा मोजणाऱ्या पेशी शोधल्या. त्या जमिनीवर षट्कोनी जाळं अंथरल्यासारख्या काम करतात. या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. पण मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट: आयुष्यात घडलेल्या प्रसंगांची आठवण धरून ठेवायचं कामही मुख्यतः याच हिप्पोकॅम्पसकडं आहे. वाट आणि गोष्ट एकाच घरात राहतात. वाटेचा दरवाजा उघडला की गोष्टही बाहेर येते. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. 2000 साली त्यांच्या मेंदूची छायाचित्रं तपासली, तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला.

तात्यांना "गाव कसं होतं" हे सांगता येत नाही, पण "पुढं काय लागायचं" हे धडाधड सांगता येतं, ते यामुळं. आणि आठवणी बहुधा शाळेच्या आणि पहिल्या नोकरीच्या काळातल्याच का निघतात, त्यालाही कारण आहे. माणसाच्या 10 ते 30 या वयातल्या आठवणी बाकीच्या आयुष्यापेक्षा दाट असतात, असं मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा दिसून आलंय.

आता या वाटेवरच्या खुणा गावागणिक वेगळ्या. इंग्लंडमधल्या जुन्या गावातला म्हातारा रस्ता सांगेल तो पबांच्या नावांनी. तिथं 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजानं मद्यगृहाबाहेर पाटी लावायची सक्ती केली. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाटीवर चित्र: सिंह, हरीण, मुकुट. शतकानुशतकं त्या चित्रांवरून लोक वळणं ओळखत आले. आपल्याकडं बसायच्या जागा वेगळ्या. तालीम, पार, देवळाचा कट्टा, चावडी आणि चहाचं हॉटेल. यात हॉटेल सगळ्यात धाकटं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चहावर कर बसवून त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला, तेव्हा कुठं तो हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत झिरपला. पण धाकटं असूनही त्यानं किती जागा अडवलीय बघा. एसटी चुकली की हॉटेल, कचेरीतलं काम रेंगाळलं की हॉटेल, मुलगी बघायला जायच्या आधी सोबत्यांनी जमायचं तेही हॉटेलात.

इथवर सांगितलेलं कुठल्याही गावाला लागू पडेल. तासगावची खरी नवलाई पुढं आहे.

गणपतीचं देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं. पेशव्यांचा हा सरदार कर्नाटकाच्या मोहिमांत वर्षानुवर्षं फिरला. तिथली गोपुरं डोळ्यांत भरली असणार, कारण 1779 ते 1799 या काळात उभ्या राहिलेल्या या देवळापुढं त्यांनी सात मजल्यांचं, 96 फूट उंच गोपुर घातलं. कृष्णा-येरळेच्या मुलखात दक्षिणेतलं गोपुर! आत उजव्या सोंडेचा गणपती. काम पुरं झालं त्याच 1799 साली पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले.

आणि त्यांच्यामागं राहिला रथ. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तीन मजली, सुमारे तीस फूट उंचीचा हा लाकडी रथ गणपतीच्या देवळापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जातो आणि परत येतो. लेक बापाला भेटून येतो, अशी गावाची श्रद्धा. इंजिन नाही, बैल नाहीत. जाडजूड दोर आणि माणसांचे हात. पुढं हत्तीण, भोवती गुलाल, वरून पेढे-खोबऱ्याची उधळण. दोर हाताला लागला की सालभर बरं जातं म्हणून धडपडणारी पोरं, आणि माडीवरून बघणाऱ्या आया-बाया. तासगावचा गणपती दीड दिवसाचा. इतरत्र आरास नुकती कुठं पुरी होत असते, तेव्हा इथं विसर्जन झालेलं असतं.

या सोहळ्याकडं मी रस्त्याच्या बाजूनं बघतो. तीस फुटी रथ ज्या वाटेनं जायचा, त्या वाटेवर कुणाचा सज्जा किती पुढं यावा, कट्टा कुठं थांबावा, तार किती उंचीवर असावी, हे रथच ठरवतो. नकाशा कागदावर असतो आणि कागद कपाटात. इथं मात्र दर वर्षी हजारो माणसं हातानं ओढून सगळा रस्ता मोजून घेतात. अडीचशे वर्षांच्या आसपास हे चाललंय. आणि ओढताना प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागेवरून जातो: इथं आजोबांनी खांद्यावर घेतलं होतं, इथं चप्पल हरवली, इथं पहिल्यांदा दोर हातात आला. मेंदूतल्या त्या पहारेकऱ्यांना वर्षातून एकदा हाक मारायची ही किती सुंदर व्यवस्था आहे! मला तर वाटतं, गावाची आठवण टिकवण्याचा याहून पक्का मार्ग कुणा विद्वानाला सुचला नसता.

आठवण राखायची दुसरीही एक तऱ्हा असते. परशुरामभाऊंच्या फौजेबरोबर 1790 च्या सुमारास धारवाडच्या वेढ्यात एक विशीतला इंग्रज होता, एडवर्ड मूर. त्यानं त्या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, ते 1794 साली लंडनमध्ये निघालं, आणि पुस्तकाच्या नावातच भाऊंचं नाव आहे. पुढं तो मायदेशी परतला, सफोकमधल्या आपल्या खेड्यात राहिला आणि म्हातारपणाकडं झुकताना तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करत बसला. 1823 साली त्याचा तो संग्रह छापून आला. भाऊंच्या छावणीत वावरलेला माणूस शेवटी स्वतःच्या गावातल्या बोलण्याची राखण करत होता, हे वाचून मी हरखून गेलो.

सत्ता मात्र या रस्त्यावरून येत-जात राहिली. 1848 साली वारस नाही म्हणून तासगावची जहागीर इंग्रजांनी खालसा केली. जिल्हा होता सातारा; 1949 साली दक्षिण सातारा झाला, 1960 साली सांगली. घराचा उंबरा न ओलांडता माणसांनी तीन जिल्हे बघितले. 3 सप्टेंबर 1942 रोजी हजारोंचा मोर्चा तासगावच्या मामलेदार कचेरीवर गेला आणि तिथं तिरंगा चढला. त्या दिवशी बापाच्या बोटाला धरून कडेला उभं असलेलं दहा वर्षांचं पोर आज नव्वदीच्या पलीकडं आहे. मोर्चाची तारीख पुस्तकात सापडेल. गर्दी कुठल्या बोळातनं आली, कोणत्या ओट्यावर बायकांनी पाण्याच्या घागरी ठेवल्या, हे सापडायचं ते त्या पोरापाशीच.

आणि आजच्या पोरांच्या खुणा निराळ्या असणार. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण निवडला, शिवारात मांडव उभे राहिले आणि गावाचं तोंडच बदललं. चाळीस वर्षांनी आजचा मुलगा विटा नाका, भिलवडी नाका सांगताना कोल्ड स्टोअरेजं मोजेल, बेदाण्याच्या सौद्यातली बोलीची आरोळी सांगेल. तीही तितकीच खरी आठवण.

म्हणून एक विनंती आहे. येत्या ऋषिपंचमीला, किंवा तोवर थांबायचं नसेल तर येत्या रविवारी सकाळी, घरातल्या आजोबांना, आत्याला, शेजारच्या काकूंना सोबत घेऊन रथाच्या वाटेनं सावकाश चाला. चालवत नसेल तर खुर्चीत बसवून मनानं चालवा. फोनमधलं रेकॉर्डिंग सुरू करा. "काय काय आठवतंय?" असं विचारू नका. "आजी, याच्यापुढं काय लागायचं?" एवढंच विचारत राहा. घरी आल्यावर ऐकलेलं वहीत क्रमानं उतरवा, तारीख घाला आणि वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.